कोपर सरळ होईपर्यंत

चोंगम, ९ एप्रिल

ग्वाक सर,

तुम्ही फोन नंबर बदललात, टीमच्या ग्रुपमधून निघून गेलात, पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. म्हणून हे पत्र. पत्ता काकूंनी दिला. नवऱ्याचा पत्ता फोडला म्हणून त्यांच्यावर चिडू नका. मी त्यांच्या तयार भाज्यांच्या दुकानात जाऊन असा गळा काढला की गिऱ्हाइकं बिचकून मागे फिरायला लागली. मग त्यांनी नाइलाजाने एका कागदी पिशवीवर तुमच्या बेटाचं नाव लिहून दिलं.

अक्षराला हसू नका. डाव्या हाताने लिहितेय.

तब्येतीचं सांगते. उजवं कोपर निखळलं होतं ते जागेवर बसवलंय. आतला फाटलेला अस्थिबंध डॉक्टरांनी शिवलाय. ऑपरेशन चालू होतं तोवर तुम्ही बाहेर उभेच होतात, खुर्च्या रिकाम्या असूनही, असं नर्सने सांगितलं. मी शुद्धीवर आले तेव्हा तुम्ही नव्हतात, आणि आठवडा संपायच्या आत तुमचा राजीनामा आपली टीम चालवणाऱ्या काउंटीच्या कचेरीत पोचलासुद्धा. तुमच्या हाताखाली इतकी वर्षं वजन उचलतेय, पण तुम्हाला इतक्या घाईने काही करताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

शेवटच्या उचलीला तीन किलो वाढवायचं तुम्ही ठरवलंत हे खरं. कार्डावर आकडा तुम्ही लिहिलात. पण सुवर्णपदक तीन किलोंवर येऊन थांबलेलं असताना तुम्ही ते वाढवले नसते, तर मी कार्ड तुमच्या हातातून हिसकावून घेतलं असतं. देशातल्या कुठल्याही कोचला विचारा, त्याने तेच केलं असतं. तुम्हाला हे पटणार नाही, मला माहीत आहे. तुम्हाला बोलून काही पटवता येत नाही, करून दाखवावं लागतं.

म्हणून करून दाखवणार आहे. माझा करार पुढच्या मार्चमधल्या वसंत स्पर्धेपर्यंत आहे. तोवर मला कोपर पूर्ण सरळ करायचंय. भात खायला, वेणी घालायला कोपर थोडं वाकडं राहिलं तरी चालतं म्हणे. आपल्याला नाही चालत. बार डोक्यावर आणि कोपर ताठ, नाहीतर पंचांचा लाल दिवा. ज्यांचा हात मुळातच सरळ होत नाही त्यांनी स्पर्धेआधी पंचांना तो दाखवून सवलत मागायची असते, हे तुम्हीच शिकवलंत. मला ती सवलत नको. ज्या मंचावर हात निखळला, तिथेच तो सरळ करून दाखवायचाय. तुम्ही परत यावं म्हणून नाही. काकू म्हणतात तुम्ही फोनवर फक्त 'जेवलो' एवढंच बोलता आणि आवाज झोप न झालेल्या माणसाचा असतो. तुम्हाला झोप लागावी म्हणून.

तुमची,
वू सो-दाम

चोंगम, २१ मे

ग्वाक सर,

उत्तर आलं नाही, ठीक आहे. मी तरी उत्तरासाठी कुठे लिहितेय. पण बेटावरच्या तुमच्या भावाने काकूंना सांगितलं की पत्र आलं की तुम्ही त्याच्या खायच्या शेवाळाच्या गोदामामागे जाता आणि बराच वेळ तिथेच असता. तेव्हा लिहीत राहीन म्हणते.

फिजिओथेरपी सुरू झाली. बसस्टँडसमोरच्या हाडांच्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर लांबलचक खोली आहे, पडदे लावलेल्या खाटांची. सकाळच्या पहिल्या बसने गावोगावच्या आज्या येतात, शेकाच्या पिशव्या अंगावर घेतात, विजेच्या वाट्या गुडघ्यांना चिकटवून घेतात आणि पडद्यांआडून एकमेकींच्या सुनांचा समाचार घेतात. सत्तरीच्या आतली पेशंट मी एकटीच. पहिल्या दिवशी शेजारचा पडदा बाजूला झाला आणि एक वाटोळा चेहरा आत आला.

"कुणाला सोडायला आलीस गं?"

"मी पेशंट आहे, आजी."

"एवढ्या दंडाची पेशंट?" तिने सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं विचारलं. तेव्हापासून माझं नाव पैलवानीण.

ही पालगमवाली आजी. सगळ्या म्हाताऱ्या आपापल्या माहेरच्या गावाच्या नावाने ओळखल्या जातात, तुमच्या आईसारख्याच. पालगमवालीचा खांदा धरलाय, तोंड मात्र अजून चांगलं चालतं. पलीकडच्या खाटेवर ओक्गोकवाली आजी, गुडघ्यांची पेशंट. ती फारशी बोलत नाही. पालगमवालीने काही म्हटलं की 'नाही' म्हणायचं, एवढंच तिचं काम. दोघी पन्नास वर्षं एकाच गल्लीत राहतात.

माझा थेरपिस्ट ह्योन. वजनाने माझ्या पहिल्या उचलीत आरामात बसेल असा काटकुळा पोरगा, चष्मेवाला, बोलायला मऊ. पहिल्यांदा त्याने माझं कोपर दोन्ही हातांत धरलं तेव्हा मला त्याची दयाच आली. मग त्याने दाबलं. सर, मी राष्ट्रीय पदकवाली, मी अशी किंचाळले की खालच्या मजल्यावरच्या औषधवाल्याने वर येऊन विचारलं. पडद्याआडून पालगमवाली म्हणाली की तिला पाच लेकरं झाली, पण पाचांच्या वेळचं मिळूनसुद्धा तिने एवढा आवाज केला नव्हता. ओक्गोकवाली म्हणाली, केला होता, गल्लीत सगळ्यांनी ऐकला होता.

शेवटी ह्योनने मला वजन दिलं. अर्ध्या किलोचं, गुलाबी. ओक्गोकवाली एक किलोचं उचलते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आपलं वजन जरा जास्तच उंच उचललं.

सो-दाम

चोंगम, १८ जुलै

ग्वाक सर,

उजव्या हाताने लिहितेय. लिहायला कोपर सरळ लागत नाही, हे फार बरं आहे.

खोलीत आता माझ्या कोपराची पैज लागते. ह्योन रोज कोनमापक लावून मोजतो, शाळेच्या कंपासपेटीतलं असतं तसंच, जरा मोठं. त्याआधी आज्या आपापला अंदाज सांगतात, हरेल तिने दुसऱ्या दिवशी उकडलेली कणसं आणायची. पालगमवाली कायम जास्त सांगते आणि कायम हरते. तिचा माझ्यावर फार विश्वास आहे. कणसं खाऊन माझं वजन वाढलंय, पुढच्या वजनगटात जायची वेळ येईल.

नव्या कोचसरांबद्दल तुम्ही विचारणार नाही, पण सांगते. प्योन सर चांगले आहेत, तरुण आहेत, सगळं टॅबलेटवर बघतात. मुलीच्या खांद्याला हात लावायचा तरी आधी विचारतात. माझ्याशी ते दुकानातल्या काचेच्या भांड्याशी बोलल्यासारखे बोलतात. त्यांनी स्वच्छ सांगितलं, मार्चमध्ये बार डोक्यावर गेला तर करार पुढे, नाही तर काउंटीच्या व्यायामशाळेत टेबलामागची नोकरी तयार आहे. वाईट नोकरी नाही. खुर्ची आहे, पंखा आहे. मी म्हटलं, खुर्चीवर बसायला मी फार जड आहे.

शिवलेलं पूर्ण जुळलंय, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. कोपर जवळजवळ सरळ होतं. लाकडी दांडा डोक्यावर धरते. बारपण लवकरच. अगदी जवळ आलंय. गेला की तुम्हालाच आधी कळवीन.

बेटावर उन्हाळ्यात तुम्ही काय करता? शेवाळाचा हंगाम तर संपला असेल. काकू म्हणतात दोऱ्या दुरुस्त करता. बसून करा, वाकून नको.

सो-दाम

चोंगम, ३० सप्टेंबर

ग्वाक सर,

मागच्या पत्रात 'अगदी जवळ' लिहिलं होतं. ते खोटं होतं.

रिकामा बार, सर. पंधरा किलो. शाळेतल्या मुली उचलतात तो. जमिनीवरून गुडघ्यांपर्यंत येतो, मांड्यांपर्यंत येतो, खांदे वर जातात, सगळं तुम्ही शिकवलं तसं. मग त्याच्याखाली शिरायची वेळ येते, आणि बार कपाळासमोर आला की माझी बोटं आपोआप सुटतात. मी सोडत नाही, ती सुटतात. बार खणकन पडतो. टीममधल्या मुली दुसरीकडे बघतात. काही मोबाइल बघायला लागतात, जणू आवाज ऐकलाच नाही.

हात बरा आहे. ह्योनने झोपवून दाबलं की कोपर अगदी सरळ होतं, दुखतसुद्धा नाही. पण हात डोक्यावर गेला की माझं अंगच विश्वास ठेवायला तयार नाही. मला ते ऐकू येतं. तुम्हालाही ऐकू आलं होतं, तुम्ही सगळ्यात जवळ होतात. एखादी ओली फांदी मोडावी तसा आवाज. मला वाटतं तुम्ही त्यासाठीच बेटावर गेलात, तो आवाज समुद्राच्या आवाजात बुडावा म्हणून. मला जायला बेट नाही.

ह्योन म्हणतो हे नेहमीचं आहे, हाडं आधी बरी होतात आणि माणूस मागून. तो रोज मला भिंतीला पाठ लावून हात वर करायला लावतो. रोज मी त्याला शिव्या घालते, रोज तो 'बरं' म्हणतो. आज त्याने विचारलं, कशाची भीती वाटते, नीट सांग. मी म्हटलं, पडायची नाही, दुखायची नाही. कोणी तरी परत माझ्यामुळे घर सोडून जाईल, याची. त्याने शेकाची पिशवी बदलून आणली. 

मला फार राग आलाय तुमचा. हे पत्र टाकेन की नाही माहीत नाही.

टाकलं, म्हणजे राग जरा कमी झाला असं समजा.

सो-दाम

चोंगम, २ डिसेंबर

ग्वाक सर!

बसून वाचा. गोदामामागे दगड असेल, त्यावर बसा.

काल पालगमवालीच्या अंगणात हिवाळ्याची किमची घातली. सगळी गल्ली जमली होती आणि मला फुकटची हमाल म्हणून बोलावलं होतं. ह्योनने सक्त ताकीद दिली होती, जड काही उचलायचं नाही. तो स्वतःही आला होता, देखरेखीला म्हणे, पण मला वाटतं ताज्या किमचीबरोबरच्या उकडलेल्या डुकराच्या मांसाला. मी सकाळपासून मुळे किसत बसले होते आणि वैतागले होते.

मिठात मुरलेले कोबी मागच्या नळावर धुऊन पुढच्या अंगणात आणायचे होते. मी म्हटलं ढकलगाडी आणते. पण पालगमवालीला दम कुठे. तिने डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवली, ओक्गोकवालीला हाक मारली, दोघींनी मिळून कोबीने भरलेला लाल रबरी टब उचलला आणि तिच्या डोक्यावर चढवला. खांदा धरलेली बाई, अठ्ठ्याहत्तरची. मी ओरडले. ती म्हणाली, "तू जन्मायच्या आधीपासून नेतेय, बाजूला हो."

मी बाजूला झाले, पण मागोमाग चालले. अंगणात कोबीची पानं सांडली होती. तिचा पाय एका पानावर पडला, सरकला, आणि टब मागे कलंडला, म्हणजे सरळ माझ्या अंगावर.

मला काही ठरवायला वेळ मिळाला नाही. एवढंच आठवतं की टब माझ्या डोक्यावर होता, दोन्ही हातांवर, आणि मी पाय फाकवून उभी होते. मिठाचं पाणी डोळ्यांत, नाकात, मानेवरून पाठीत. पालगमवाली दोन पावलं पुढे गेली, थांबली, हाताने डोकं चाचपलं.

"डोकं हलकं का झालं गं माझं?"

 सगळ्या बायका हातातली कामं टाकून माझ्याकडे बघत होत्या. ओक्गोकवाली जवळ आली. टाचा उंचावून तिने माझं उजवं कोपर एका बोटाने दाबलं, मग डावं, बाजारात काकडी बघावी तसं.

"सरळ आहे," ती म्हणाली. तिच्या तोंडून मी ऐकलेली ही पहिली कबुली.

ह्योन तोंडात मांसाचा घास तसाच धरून धावत आला. मला वाटलं टब खाली घ्यायला आला. त्याने खिशातून कोनमापक काढलं. हो, त्याच्या खिशात होतं, किमचीच्या दिवशीसुद्धा. मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मगच टब उतरवू दिला. मग तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि चष्मा पुसत राहिला. मी म्हटलं, बघ, देवाची कृपा. तो म्हणाला, "देवाची नाही. सात महिने तुझ्या शिव्या कोणी खाल्ल्या?"

आज सकाळी बारपाशी गेले. पहिल्यांदा बोटं सुटली. दुसऱ्यांदाही. मग मी डोळे मिटले आणि कोबी आठवले.

गेला, सर. रिकामा बार, पंधरा किलो, डोक्यावर. प्योन सरांनी टॅबलेट खाली ठेवलं आणि न विचारता माझा खांदा थोपटला.

सो-दाम

चोंगम, ११ मार्च

ग्वाक सर,

पार्सल मिळालं.

पोस्टमनला ते मोटारसायकलवर मावेना, दोन्ही हातांत आडवं धरून चालत आला. माझ्या उंचीचं खोकं. वर्षभरात तुमच्याकडून आलेली पहिली गोष्ट.  उघडलं, तर आत मियोक शेवाळ. पुढे-मागे एक शब्दही नाही.

स्पर्धा रविवारी आहे. तुम्हाला माहीत आहे, मार्चमधली स्पर्धा मी पहिल्याच पत्रात लिहिली होती. आणि तुम्ही मला मियोक पाठवलंत. परीक्षेआधी, स्पर्धेआधी मियोकचं सूप कोणी तोंडाला लावत नाही, बुळबुळीत खाल्लं की माणूस घसरलाच. टीमच्या मेसमध्ये स्पर्धेच्या महिन्यात ते शिजूच द्यायचं नाही, हा नियम कोणी केला होता? एका नव्या मुलीने, वाढदिवसाला हेच सूप प्यायचं असतं म्हणून, घरून डब्यात आणलं, तर तुम्ही तो डबा उचलून बाहेर रखवालदाराला देऊन आलात. ती रडली होती.

म्हणजे तुम्हाला काय सांगायचंय ते कळलं. उचलू नकोस. घसरशील. टेबलामागच्या खुर्चीत बस. एवढं होतं तर एका ओळीत लिहायचं होतं. एवढं मोठं खोकं कशाला?

मी उचलणार आहे. तुम्ही काहीही पाठवा.

वू सो-दाम

चोंगम, १२ मार्च

ग्वाक सर,

कालचं पत्र येईल. ते वाचू नका. किंवा वाचा, पण हे त्याच्यानंतर लगेच वाचा.

काल संध्याकाळी मी ते खोकं उचललं आणि दवाखान्यात नेलं. आज्यांना वाटून टाकावं, माझ्या डोळ्यांसमोर नको, असं ठरवलं होतं. खोलीत मी तुमचा पुष्कळ उद्धार केला. पालगमवालीने साथ दिली, की पुरुषांना कधी काय पाठवावं कळत नाही, तिचा नवरा पहिल्या बाळंतपणाला चपला घेऊन आला होता.

ओक्गोकवाली खाटेवरून उतरली. गुडघ्यांना लावलेल्या विजेच्या वाट्या तशाच लटकत होत्या. तिने खोक्यातलं शेवाळ न वाकवता, दोन्ही हातांवर आडवं घेऊन बाहेर काढलं. भाताच्या पेंढ्याची दोरी बांधली होती. तिने ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी चाचपलं.

"कुठंच दुमडलेलं नाही," ती म्हणाली.



मग मला दोघींनी आळीपाळीने सांगितलं. बाजारातलं मियोक तीनदा दुमडून पिशवीत कोंबतात. पण बाळंतिणीसाठी घ्यायचं ते असंच, लांबच्या लांब, एकही पान न मोडता. त्याचा भाव करायचा नाही, दुकानदार ते वाकवत नाही, पेंढ्याने बांधतो, घरी नेणाराही हातांवर आडवं घेऊन चालतो. का, तर जिच्यासाठी नेतोय ती मरणाच्या दारातून परत आलेली असते. तिचं आणखी काही मोडू नये. पालगमवालीच्या सासऱ्याने तिच्या पहिल्या खेपेला असं शेवाळ सोळा किलोमीटर चालत आणलं होतं, बसमध्ये वाकेल म्हणून. वाळलेलं मियोक नुसतं वाऱ्यानेही तडकतं.

"बोटीतून, बसमधून, पोस्टातून एवढं लांब आलं आणि मोडलं नाही," ओक्गोकवाली म्हणाली. "खोकं हातानं बनवलंय. बघ, आत पेंढा कोंबलाय. ज्याने पाठवलंय त्याला तू पडायला नकोयस, पोरी."

सर, मी त्या खोलीत शेवाळ मांडीवर घेऊन रडले. ह्योनला वाटलं कोपर दुखतंय. तो कोनमापक घेऊन आला.

स्पर्धेच्या दिवसांतला तुमचा नियम तुम्ही स्वतःच मोडलात, कारण तुम्ही ते खेळाडू म्हणून मला पाठवलंच नव्हतं. तुम्ही ते आजारातून उठलेल्या घरच्या लेकीला पाठवलंत. तुमच्या डोक्यात स्पर्धेचा विचारही आला नसेल. आला असता तर तुम्हाला घामच फुटला असता.

सो-दाम

बोटीवर, १७ मार्च

ग्वाक सर,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तुमच्या नोक्दो बेटाला बोट दुपारी पोचते आणि पोस्टाची थैली दोन दिवसांनी. मीच लवकर पोचेन. तरी लिहितेय, कारण समोर आल्यावर तुम्ही मला बोलू देणार नाही, 'जेवलीस का' विचाराल आणि स्वयंपाकघरात जाल.

स्पर्धेचं सांगते. सकाळी मियोकचं सूप प्याले. पालगमवालीने पहाटे रटरटवून थर्मासमध्ये आणलं होतं. खेळाडूंच्या जेवणघरात मी झाकण उघडलं, वास पसरला, आणि माझ्या टेबलावरच्या चारही मुली आपापली ताटं उचलून निघून गेल्या. एका कोचने लांबून हात जोडले. मी दोन वाट्या प्याले. एवढं चांगलं सूप आयुष्यात प्याले नव्हते.

आज्या गल्लीच्या खर्चाने बस करून आल्या होत्या. पहिल्याच रांगेत बसल्या, कापडी फलक धरून, त्यावर माझं नाव नव्हतं, 'पैलवानीण' लिहिलं होतं. पंचांनी मला आधी विचारलं, हात दाखवायचाय का, सवलत हवी का. कार्डावरची दुखापत बघून विचारलं असणार. मी म्हटलं, नको, मंचावरच बघा.

पहिली उचल फार हलकी घेतली. पूर्वी मी एवढ्याने अंग गरम करत असे. बार कपाळासमोर आला. तो आवाज आला, सर, ओल्या फांदीचा. खोटं सांगत नाही, आला. पण बोटं सुटली नाहीत. खाली शिरले, कोपरं ताठ झाली, उभी राहिले. तिन्ही दिवे पांढरे. ओक्गोकवालीने इतक्या मोठ्याने 'सरळ आहे' ओरडून सांगितलं की एक पंच हसला.

दुसरी उचल पण झाली. तिसरीला प्योन सरांनी कार्ड माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, आकडा तूच सांग. मी थोडा वेळ विचार केला. मग तीन किलो वाढवले.

नाही गेला. मांड्यांपाशीच अडला, मी समोर टाकून दिला आणि सरळ चालत खाली आले. काही मोडलं नाही. बार पडला, मी पडले नाही, एवढीच गोष्ट असते ही, सर. तीन किलो कधी जातात, कधी जात नाहीत. मला तुम्हाला हेच सांगायचं होतं, आणि हे पत्रातून पटलं नसतं.

आठ जणींत सातवी आले. आठवीचं पोट बिघडलं होतं. प्योन सरांनी करार पुढे केला. प्रेक्षकांत मी तुम्हाला शोधलं. तुम्ही नव्हतात. थोडं वाईट वाटलं, पण वाटेत उमगलं, की तुम्ही मंचाकडे बघूच शकत नाही अजून. म्हणून मंच घेऊन मीच येतेय.

काकूपण बरोबर आहेत. त्यांना बोट लागलीय, आत झोपल्यात. तीन डबे भाज्या आणल्यात आणि वर्षभराचं बोलणं. त्याची तयारी ठेवा.

बेट दिसायला लागलं. धक्क्यावर शेवाळाच्या टोपल्या आहेत, माणसं आहेत. त्यांत एक जण टोपली उचलतोय, गुडघे न वाकवता, पाठ धनुष्यासारखी करून. आम्हाला उभा जन्म पाठ सरळ ठेवायला सांगणारा माणूस असा उचलतोय, हे मला बघवत नाही. तुम्हाला ह्योनकडे न्यायला लागणार.

आता बोटीने भोंगा दिला. तुम्ही टोपली खाली ठेवलीत. डोळ्यांवर हात धरून इकडे बघताय. ओळखलं नाहीत अजून, की ओळखलंत आणि हलत नाही आहात?

इथेच थांबते. मला दोन्ही हात डोक्यावर नेऊन उभं राहायचंय, कोपरं ताठ करून, तुम्हाला लांबूनही दिसेल असं. पेन धरून ते जमणार नाही.